कडकताईची वॉकी

आठवडाभर ऊन नव्हतं. पाऊसही धड नव्हता. नुसतं पाणी हवेत लोंबकळत होतं. लाँड्रीच्या मागच्या खोलीत दोऱ्यांवर शर्ट, चादरी आणि हॉटेलचे टेबलक्लॉथ ओलेकच्च टांगले होते. त्यांना हात लावला तर घामेजलेल्या माणसाच्या पाठीला हात लावल्यासारखं वाटे. कडकताईने उठल्या उठल्या दोऱ्यांखाली दोन शेगड्या पेटवल्या, चादरींची पालटापालट केली आणि नवऱ्याकडे मोर्चा वळवला.

"अहो, ही चादर पिळलीत की गोंजारलीत? धार लागलीय अजून."

नवऱ्याने चादर उतरवली आणि परत पिळली. त्याचं बोलणं लग्नानंतर हळूहळू आटत गेलं होतं, आणि आता तळाशी फक्त 'बरं' आणि 'असू दे' एवढेच दोन शब्द उरले होते.

तिला सगळं शहर कडकताई म्हणे. कपड्यांना घालते त्याच्या दुप्पट खळ ती जिभेला घालते, असं हॉटेलवाला म्हणायचा, आणि तरी कपडे तिच्याकडेच टाकायचा. तिच्या हातची घडी प्रवासात मोडत नसे, तिने बांधलेलं गाठोडं गाडीतून फेकलं तरी सुटत नसे. गिऱ्हाईक आलं की ती आधी त्याची चूक काढी, मग त्याचे कपडे घेई. एका नवरदेवाला तिने तोंडावर सांगितलं होतं, "सूट झकास आहे हो, माणूस बदलता आला तर बघा." तो बिचारा हसला. सगळेच हसत. जिभेला हाड नसलेल्या माणसाचं एक बरं असतं, त्याचं बोलणं कुणी मनावर घेत नाही.

खरं म्हणजे ती ताई एकाच माणसाची होती. आई गेली तेव्हा धाकटी बहीण एवढीशी होती. ताईने तिला साबणाच्या खोक्यावर उभी करून इस्त्री शिकवली, चटके बसू दिले आणि वर तोंड दाबायलाही शिकवलं. पोरगी मोठी झाली तशी हाताने इतकी तयार झाली की गिऱ्हाइकं म्हणू लागली, कॉलर तेवढी धाकटीच्या हातची द्या. मग खाणीत सुरुंग लावणाऱ्या टोळीतला एक जण पँट घेऊन आला. पायरीवर थांबून त्याने खिसे उलटे करून दगडाची भुकटी बाहेर झाडली, मग आत आला. धाकटीला ते आवडलं. काही महिन्यांत ती त्याच्याशी लग्न करून वर खाणीच्या ओळीत, कामगारांच्या खोल्यांत, राहायला गेली.

"आधी खिसे झाडले, मग माझं घर झाडून नेलं," ताई म्हणायची. मेहुण्याचं नाव तिने कधी घेतलं नाही. सुरुंग्या म्हणायची. तो दारू पीत नव्हता, मारत नव्हता, उधळ्या नव्हता. त्यामुळे ताईची फारच पंचाईत झाली होती, नावं ठेवायला काही सापडेना. तिला मोठं काही नको होतं. धाकटी परत या टेबलाशी येऊन उभी राहावी, एवढंच. त्यासाठी फक्त एक लग्न मोडायला हवं होतं.

वॉकीचं प्रकरण त्यानंतरचं. मागच्या वर्षी वादळात फोनचा मनोरा आडवा झाला आणि शहर कितीतरी दिवस मुकं-बहिरं पडलं. तेव्हा एक समिती निघाली. शाळांची तपासणी करून निवृत्त झालेले एक गृहस्थ अध्यक्ष झाले, कारण खुर्ची दिसली की ते बसत. बाजारातल्या रेडिओवाल्याने वॉकी-टॉकीचे संच आणले, परवाने आणले आणि शाळेच्या सभागृहात शिकवणी घेतली. रेडिओवाला अंगाने जाड, बोलायला लाजरा. त्याने फळ्यावर एक डोंगर काढला.

"हा एक माणूस, हा दुसरा. मध्ये डोंगर आला की यांचं बोलणं मेलं. म्हणून वर पाण्याच्या टाकीवर आपण रिपीटर बसवलाय. तो खालून आलेलं ऐकतो आणि त्याच क्षणी जोरात सगळ्यांना सांगतो."

"म्हणजे आमच्या कडकताईसारखा," मागून कुणीतरी म्हणालं.

"रिपीटर पदरचं घालत नाही," दुसरा म्हणाला.

"तुझ्याबद्दल पदरचं घालावं लागतच नाही रे," ताई मागे न बघता म्हणाली, आणि सभागृह खो खो हसलं.

रेडिओवाल्याने हसू ओसरू दिलं. "बटण दाबा, एक श्वास थांबा, मग बोला. घाई केलीत तर पहिला शब्द रिपीटर खातो. बोलून झालं की बटण सोडा. आणि हे मात्र ध्यानात ठेवा. बटण दाबलेलं असतं तोवर तुम्ही बहिरे. आणि तोवर बाकीचे सगळे मुके."

संचात आणखी एक सोय होती. बटण चुकून दाबलेलंच राहिलं, तर थोड्या वेळाने संच टूं करून आपोआप गप्प व्हायचा. पण दर रविवारी सकाळी हजेरी असे आणि हजेरीआधी अध्यक्ष दोन शब्द बोलत. ते दोन शब्द दोनशेच्या घरात जात, आणि ऐन रंगात आल्यावर त्यांचा संच टूं करून त्यांना गिळून टाकी. लोक घरोघरी पोट धरून हसत. तिसऱ्या रविवारनंतर अध्यक्षांनी रेडिओवाल्याला बोलावलं.

"ही टूं काढा."

"साहेब, ती सोय आहे."

"ती माझी गैरसोय आहे. काढा. आणि सगळ्यांचीच काढा, नाहीतर म्हणतील अध्यक्षाला वेगळा न्याय."

सगळे संच एकाच वेळी दुकानात आले आणि सगळ्यांची टूं निघाली. का आणले होते ते कुणी विचारलं नाही.

ताईला वॉकी लागली ती व्यसनासारखी. लाँड्री टाकीच्या बरोबर समोर, त्यामुळे तिचा आवाज सगळ्यांत खणखणीत यायचा आणि दुसरा कुणी त्याच वेळी बोलला तर त्याच्यावर चढून बसायचा. एक संच खाणीच्या ओळीला दिला होता, तो धाकटीकडे असे. रविवारी "खाण हजर" असा तिचा बारीक आवाज आला की ताईचा हात इस्त्रीवर थांबे.

"खाण, आवाज बसलाय तुझा. पोटभर जेवतेस ना, की दगड शिजवतो तो?"

"लाँड्री, मी बरी आहे." मग जराशाने, "ताई, सगळे ऐकतात गं."

"ऐकू देत की."

तर त्या ओल्या आठवड्याच्या शेवटी रात्रभर पाऊस कोसळला, सकाळी वीज गेली, फोन गेले आणि वॉकीवर धाकटीचा आवाज आला. हजेरीचा वार नव्हता.

"खाण बोलतेय. आमच्या ओळीमागची दगडी भिंत फुगलीय. पाणी झिरपतंय तिच्यातून. इथले म्हातारे हलवायला माणसं हवीत."

अध्यक्षांनी बंबवाल्यांना निघायला सांगितलं. वर जायला दोन वाटा होत्या, खालचा रस्ता आणि खाणीच्या दगडी पायऱ्या. बंबवाल्यांच्या प्रमुखाने विचारलं, कुठली चालू आहे? धाकटी म्हणाली, बघून सांगते, फाट्यावर पोचलात की विचारा. मग अध्यक्षांनी बाकीच्यांना गप्प राहायला सांगितलं, बरंच लांबवून.

ताईने तेवढ्यातही बटण दाबलंच. "खाण, तू तुझी पिशवी उचल आणि खाली ये. बाकीच्यांचं बाकीचे बघतील."

"हे नाही येत. टोकाच्या खोलीत आजोबा आहेत, अंथरुणाला खिळलेले. हे म्हणतात, त्यांना आधी काढतो."

"त्याला राहू दे. तू ये."

त्याच वेळी पत्र्यातून थेंब थेंब पाणी नेमकं गल्ल्यावर, वॉकीजवळ पडायला लागलं. ताईने वॉकी पुसली. भिजून बंद पडली तर? धाकटीचा आवाज यायचा तो हिच्यातूनच. तिने मग तेच केलं जे ती रोज दिवसभर करायची. संच खाकी कागदात गुंडाळला, वरून शर्टाची प्लास्टिकची पिशवी चढवली आणि सुतळीचा दुहेरी फास टाकून करकचून गाठ मारली. हाताला दुसरं माहीतच नव्हतं. सुतळी संचाच्या कुशीतल्या बटणावर रुतली. वरचा दिवा लाल झाला, तो कागदाखाली. ताईने पुडकं कोरड्या फळीवर ठेवलं, कान तिकडे लावला आणि निखाऱ्याची इस्त्री उचलली.

वॉकी गप्प.

"बघा," ती नवऱ्याला म्हणाली. "अबोला धरला. मी खाली ये म्हटलं ना, झोंबलं."

"असू दे."

"काय असू दे? लहानपणापासून अशीच. आणि त्या अध्यक्षाचं भाषण ऐकलंत? असलं भाषण रोज ऐकून डोंगरसुद्धा जीव द्यायला उडी टाकेल."

शहरभर जिथे जिथे वॉकी होती, तिथे तिथे हे वाक्य काचेसारखं स्वच्छ ऐकू आलं. लोकांनी आधी एकमेकांकडे पाहिलं, मग तोंडावर हात घेतले. अध्यक्ष आपल्या व्हरांड्यात लालबुंद होऊन संचात ओरडू लागले, "लाँड्री, बटण सोडा! लाँड्री!" पण दाबलेल्या बटणापलीकडे ताई बहिरी बसलेली. बटण दाबून ओरडणारे अध्यक्ष सोडले, तर सगळं शहर तिला ऐकत होतं.

बंबवाल्यांचा ट्रक फाट्यावर पोचला. प्रमुखाने वाट विचारायला संच तोंडाशी नेला, तर त्यातून ताई म्हणाली, "आणि ते बंबवाले! शेजारी आग लागली तरी चहाचा शेवटचा घोट घेऊनच उठतील." ट्रकमध्ये हशा पिकला. ते थांबले. हिचं आटपलं की विचारू, असं म्हणून थांबले. हिचं आटपेना.

"म्हाताऱ्यांना काढतोय म्हणे सुरुंग्या. जन्मात एक खिसा झाडला, त्याचं पुण्य अजून पुरवून खातोय. माझी पोर राणीसारखी होती इथं. तिथं काय आहे? दगड, धूळ आणि तो. भिंत पडायचीच असेल ना, तर जरा माणूस निवडून पडावी म्हणते मी. एक गेला तर एक सुटेल."

"अगं, असं बोलू नये," नवरा म्हणाला. बऱ्याच दिवसांनी तिसरं वाक्य.

"का? भिंत काय ऐकतेय?"

ट्रकमध्ये पुन्हा हशा झाला. मग प्रमुखाने कंटाळून स्वतःच ठरवलं आणि गाडी खालच्या रस्त्याला घातली. वळणापुढचा मोरीचा पूल वाहून गेला होता. मागे फिरताना ट्रकची चाकं चिखलात बसली, आणि माणसं ट्रक ढकलत राहिली.

वॉकी अशी गच्च झाली तर काय करायचं, ते समितीत कुणालाच शिकवलं नव्हतं. संचात दुसराही चॅनल होता. पण त्यावर लोक चकाट्या पिटतील म्हणून अध्यक्षांनी तो बंद करायला लावला होता. शेवटी रेडिओवाला दुकान उघडं टाकून पळत सुटला. रस्त्यात गुडघाभर पाणी. तो जाड माणूस धापा टाकत, दोनदा पडून, चिखलाने माखून लाँड्रीत शिरला.

"अहो, पाय!" ताई ओरडली. "आत्ता पुसलंय मी."

"वॉकी कुठंय?"

तिने फळीकडे बोट केलं. त्याने पुडकं ओढलं, सुतळीला नख लावलं. गाठ सुटेना.

"माझी गाठ आहे ती, अशी नाही सुटायची. भिजेल म्हणून ठेवलीय, तुम्ही कशाला..."

त्याने टेबलावरची कात्री घेऊन सुतळी कापली. खुट्ट झालं. एक क्षण खरखर, आणि मग धाकटीचा आवाज आला. रडवेला नव्हता. रविवारच्या हजेरीसारखा होता.

"खाण बोलतेय. पायऱ्यांनी या, खालचा पूल गेलाय. भिंत पडली. आजोबांना काढलंय. एक माणूस दगडांखाली आहे." मग एक श्वास. "आता पळत येऊ नका. पायऱ्या निसरड्या आहेत."

ताईच्या हातातली इस्त्री हॉटेलच्या टेबलक्लॉथवर तशीच राहिली. जळका वास आला तेव्हा नवऱ्याने ती उचलून बाजूला ठेवली. रेडिओवाला भिंतीला टेकून खाली बसला आणि त्याने तिला सांगितलं, काय झालं ते. हळू आवाजात सांगितलं, पण सगळं सांगितलं. तिच्या तोंडची वाक्यंही.

त्यानंतर समितीची सभा झाली. अध्यक्षांनी आधी सगळ्यांना उभं राहायला लावलं, मग बसवलं आणि म्हणाले की यंत्रणेत काडीचाही दोष नव्हता, दोष माणसाचा होता. एका सुतळीचा. डोंगराने उडी टाकल्याबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही, पण ते विसरले नव्हते.

रेडिओवाला उठला. "साहेब, ती टूं जर..."

"पुढच्या वर्षी आपण संच वाढवतो आहोत," अध्यक्ष म्हणाले. "तुम्हीच आणणार ना? की दुसऱ्या कुणाला विचारू?"

रेडिओवाला खाली बसला. पुढे काय म्हणणार होता, ते ताईने विचारलं नाही. तिला काही कळलंच नव्हतं. टूं गेली तेव्हा आपल्या संचातून नेमकं काय गेलं, हेही नाही. तिने संच टेबलावर ठेवला. तो काढून घ्यायचा ठराव अजून व्हायचा होता. ती दाराकडे निघाली तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी हुबेहूब तिच्या आवाजात म्हणालं, "भिंत काय ऐकतेय?" धाकटीचा माणूस जाऊन आठवडा झाला नव्हता. तरी हसले. सगळे नाही, पण हसले.

ते वाक्य शहराला पुरलं. दुकानदार उधारी मागणाऱ्याला म्हणायचे, बायका भांडणात म्हणायच्या, पोरं पकडापकडीत म्हणायची. लाँड्रीत येणारं गिऱ्हाईक कपडे ठेवताना खालच्या आवाजात विचारायचं, "ताई, आज कुणाची निवड?" इतकी वर्षं तिने लोकांना जे वाढलं, तेच त्यांनी गरम करून तिच्या ताटात परत वाढलं. तिच्याकडे उत्तरं होती, तोंडाशीही येत, पण ती गिळायला शिकली. सगळं शिकता येतं.

खाणीची ओळ रिकामी केली. बाकीच्यांना कुणी ना कुणी नातेवाईक होते. धाकटीला ताईशिवाय कुणी नव्हतं.

ती आली त्या दिवशी कडकडीत ऊन होतं. दोऱ्यांवरचे कपडे बघता बघता वाळत होते. हातात एक पत्र्याची पेटी. पायरीवर तिने चपला काढल्या, आत आली, पेटी भिंतीशी ठेवली. मेहुणीला बघून ताईचा नवरा उठला, टेबलाच्या डाव्या बाजूची गाठोडी त्याने हलवली, जागा केली आणि मागच्या खोलीत निघून गेला. धाकटीने हात धुतले, इस्त्रीला बोटाने पाणी लावून ताप पाहिला आणि वरचा शर्ट ओढला. आधी कॉलर, उलट्या बाजूने, टोकाकडून मध्याकडे.

ताईला जे हवं होतं ते टेबलाशी उभं होतं.

कॉलर झाली. धाकटीने शर्टाची पाठ पसरली.

"मी जे बोलले," ताई म्हणाली, "ते बोलायचं म्हणून बोलतो ना आपण..."

"ऐकलं मी."

"बंद करायचीस गं वॉकी."

"कशी करणार? तू मध्ये दम खाशील, बटण सुटेल, मग मला वाट सांगता येईल, म्हणून बसले होते कानाला लावून. दम खाल्ला नाहीस तू." ती शांतपणे बोलत होती. शर्ट पालटला. "ओरडून सांगायला पायऱ्यांपर्यंत पळायचं, तर त्यांचा हात सुटत नव्हता माझ्या हातातून."

ताईने मान वर केली. "म्हणजे तो तेव्हा..."

"छातीपर्यंत दगड होते. डोकं मोकळं होतं. वॉकी त्यांच्या उशाशीच होती." धाकटीने कफावर पाणी शिंपडलं. वाफ उठली. "ते डोंगराचं ऐकून हसले. हसल्याने दुखलं त्यांना."

ताईने टेबलाची कड धरली. ज्या बाईला आयुष्यात कधी शब्द शोधावा लागला नव्हता, तिला एवढासा प्रश्न विचारायला केवढा वेळ लागला.

"मग पुढचं? निवडून पडावी ते? ते ऐकलं त्याने? कुठपर्यंत होता गं तो?"

धाकटीने शर्टाची घडी घातली, बाह्या मागे दुमडल्या, हाताने एकदा दाबून गठ्ठ्यावर ठेवला. मग बहिणीकडे नीट पाहिलं, आल्यापासून पहिल्यांदा.

"मी इथं राहीन," ती म्हणाली. "काम करीन. तू म्हातारी झालीस की तुझंही करीन. पण हे मी तुला कधीच सांगणार नाही."

"अगं, देवाशपथ, एवढंच सांग..."

"ताई, हॉटेलची गाडी येईल."

टेबलक्लॉथ खरंच राहिले होते, अख्खा ढीग. मोठं कापड, त्याची घडी एकट्या माणसाला नीट घालता येत नाही. ताईने वरचा उचलला, झटकला आणि दोन टोकं धाकटीकडे दिली. धाकटीने ती घेतली, मागे सरकली, आणि दोघींनी तो मध्ये ताणून धरला.